आजीच्या कपाळावरचे गोंदण कुठे गेले?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत आमचे गाव आहे. तिथल्या जुन्या घरात, देवळीच्या वर, माझ्या आजीचा फोटो टांगलेला आहे. घरी आलेला पाहुणा फोटोला हात जोडतो आणि मग जरा थांबून विचारतो, "ही तुमची आजीच ना?"

पाहुण्याचे काही चुकत नाही. आजी चांगली सावळी होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे होते. कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, हिरवट गोंदण होते आणि हनुवटीवर तीन ठिपके. फोटोतली बाई मात्र पीठ माखल्यासारखी पांढरी दिसते. सुरकुत्या नाहीत, ठिपके नाहीत आणि कपाळावरचे गोंदणही नाही.

तिचा हा एकुलता एक फोटो. निराधार योजनेच्या अर्जाला लावण्यासाठी तो तालुक्याच्या गावी काढला होता. ती गेल्यावर त्या चिमुकल्या फोटोवरूनच हा मोठा करून घेतला. फोटो काढला तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. फोटोग्राफरने तिला तोंडाला पावडर लावायला दिली, समोरून दोन झगझगीत दिवे टाकले आणि फोटो हातात देताना तो म्हणाला, "बघा आजी, किती गोऱ्या दिसता!" त्याचा हेतू वाईट नव्हता. आजीही हसली होती. पण त्या दिवशी गोंदण हरवले ते हरवलेच.

मित्रांनो, हे गोंदण गेले कुठे? थोडे पावडरीखाली गेले हे खरे. पण बाकीचे गेले ते उजेडात! अंधारात वस्तू हरवते हे आपल्याला ठाऊक असते. उजेडातही ती हरवू शकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ते कसे, आणि असे होऊ नये म्हणून काय करायचे, ते आज पाहू.

खालच्या पट्टीतला फोटो

छायाचित्रणात 'लो-की' नावाची एक पद्धत आहे. 'लो' म्हणजे खालची आणि 'की' म्हणजे पट्टी, असे समजा. अशा फोटोत चौकटीचा बराचसा भाग काळोखात असतो. चेहऱ्याचा एखादा भागच उजळलेला असतो: एक गाल, कपाळाची एक बाजू, डोळ्यातला एक चमकता ठिपका. पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते.

पुष्कळांचा समज असा असतो, की दिवे मालवले आणि अंधारात फोटो काढला की झाला लो-की फोटो. तसा फोटो काढून पाहा. तो काळपट, दाणेदार आणि मळकट येईल. गवई खालच्या पट्टीत गातो म्हणजे काही पुटपुटत नाही. खर्जाचा सूरही त्याला पूर्ण दमाने लावावा लागतो. लो-की फोटोचे तसेच आहे. त्यात उजेड कमी जागी असतो, पण जिथे असतो तिथे तो भरपूर आणि नेमका असावा लागतो.

अंधारातला फोटो दाणेदार का येतो? पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरशीवर पडतात ते आठवा. एका फरशीवर पाच थेंब, शेजारच्या फरशीवर दोन, पलीकडच्या फरशीवर नऊ. सगळीकडे पाऊस एकच, पण थेंब थोडे असले की फरक डोळ्यांत भरतो. पाऊस धो धो लागला की सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. प्रकाशही कणाकणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर असंख्य बारीक चौकोन असतात. फोटॉन थोडे आले की शेजारशेजारच्या चौकोनांत कमीजास्त पडतात आणि चित्रावर रवाळ दाणे दिसतात. म्हणून पहिला नियम असा: पार्श्वभूमी खुशाल काळी ठेवा, पण चेहऱ्याला उजेडाची उपासमार घडवू नका.

डोळा फसतो, कॅमेराही फसतो

उन्हातून घरात शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते. डोळ्याची बाहुली उन्हात सुमारे २ मिलिमीटर असते, ती अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत उघडू शकते. व्यास चौपट झाला म्हणजे क्षेत्रफळ सोळापट झाले. डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडाकार पेशी अंधाराला सरावायला तर वीस-तीस मिनिटे घेतात. शिवाय आपली नजर खोलीत फिरत असते. उजळ कोपरा आणि काळा कोपरा आपण वेगवेगळे पाहतो आणि मेंदू त्यांचे एक चित्र जुळवतो.

कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याला एकाच उघडझापीत सगळे टिपायचे असते. किती उजेड आत घ्यायचा हे ठरवण्यासाठी त्याच्यात प्रकाशमापक असतो. हा मापक एक गोष्ट गृहीत धरून चालतो: समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड ते परत पाठवते. आता त्याच्यापुढे काळी घोंगडी टांगा आणि तिच्यासमोर सावळ्या चेहऱ्याचे माणूस बसवा. मापकाला वाटते, "अरे, इथे अंधार फार झाला!" तो जास्त उजेड आत घेतो. घोंगडी करडी होते आणि चेहरा पांढराफटक.

आता गोंदण का पुसले जाते ते पाहा. पावसात अंगणात दोन सारख्याच बादल्या ठेवल्या. एकीत पागोळीचे पाणी पडते, दुसरीत नुसता पाऊस. थोड्या वेळाने पाहिले तर पागोळीखालची बादली जास्त भरलेली दिसेल. पण रात्रभर पाऊस पडला आणि दोन्ही भरून वाहू लागल्या, तर कोणीत पाणी जास्त पडले हे सकाळी कसे सांगणार? त्वचेकडून उजेड जास्त येतो, गोंदणाकडून कमी येतो. दोघांत फरक असतो म्हणूनच गोंदण दिसते. पण इतका उजेड आत घेतला, की दोन्हीकडच्या बादल्या भरून वाहिल्या, की फरक संपला. मग दोन्हीकडे पांढरेच.

म्हणून दुसरा नियम: मापकाचे सगळे ऐकू नका. मोबाईलने फोटो काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट टेकवा. बहुतेक मोबाईलमध्ये तिथे सूर्याचे छोटे चिन्ह दिसते. ते खाली ओढत जा. गालावरची चमक मोडून कातडीचा पोत दिसू लागला की थांबा. आणखी एक खबरदारी घ्या. मोबाईलमध्ये चेहरा 'सुंदर' करणारी सोय असते, ती बंद करा. कातडी गुळगुळीत करण्याच्या नादात ती सुरकुत्या आणि गोंदण दोन्ही पुसते. आजीच्या पावडरीचाच हा नवा अवतार आहे.

दिवा जवळ आणा, भिंत दूर पळेल

आता खरी गंमत. पार्श्वभूमी काळी करायला दरवेळी काळा पडदा हवाच असे नाही. ते काम एक नियम करतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड एक चतुर्थांश होतो, तिप्पट केले की एक नवमांश. हा व्यस्त वर्गाचा नियम. तो लहान दिव्याला लागू पडतो. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ तो तंतोतंत लागू होत नाही.

समजा, माणूस भिंतीच्या १ मीटर पुढे बसले आहे आणि समोर एक बल्ब आहे.

बल्ब चेहऱ्यापासून २ मीटरवर असला तर भिंत ३ मीटरवर येते. भिंतीवरचा उजेड चेहऱ्यावरच्या उजेडाच्या ४/९, म्हणजे निम्म्याला थोडा कमी.

बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर भिंत दीड मीटरवर. म्हणजे अंतर तिप्पट, आणि उजेड १/९.

बल्ब पाव मीटरवर आणला तर भिंत सव्वा मीटरवर. अंतर पाचपट, आणि उजेड १/२५!

माणूस हलले नाही, भिंत हलली नाही. नुसता दिवा पुढे आला आणि भिंत काळोखात गेली. अर्थात, दिवा जवळ आला की चेहऱ्यावरचा उजेडही वाढतो, म्हणून कॅमेऱ्यात तेवढा कमी उजेड घ्यायचा. हे हिशेब करताना बाकीच्या भिंतींवरून उसळून येणारा उजेड आपण धरलेला नाही. पांढरा चुना दिलेल्या खोलीत तो बराच असतो, मातीने सारवलेल्या खोलीत थोडा.

पण अतिरेक करू नका. दिवा नाकापासून २५ सेंटिमीटरवर असेल, तर कान साधारण ३५ सेंटिमीटरवर पडतो. तिथला उजेड नाकावरच्या उजेडाच्या जवळजवळ निम्मा. मग नाक तळपते आणि गाल विझतो. अर्धा ते पाऊण मीटर हे अंतर बरे.

हा नियम एका मराठी चित्रकाराच्या चित्रात अगदी स्पष्ट दिसतो. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) मूळचे सावंतवाडीचे. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र काढले. ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. एक तरुणी एका हातात दिवा धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकते आहे. चित्रासाठी हळदणकरांची मुलगीच उभी राहिली होती. ज्योत चेहऱ्याजवळ आणि भिंत दूर, म्हणून चेहरा उजळ आणि भिंत अंधारी. आणि ज्योतीपुढच्या बोटांच्या कडा पाहा, त्या तांबूस दिसतात. बोटातून आरपार येताना निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो आणि तांबडा बाहेर पडतो. रात्री विजेरीवर पंजा ठेवून तुम्हीही हे पाहू शकता.

सावलीची कड

कंदिलाची सावली कशी पडते आणि उघड्या दाराची कशी, हे कधी निरखले आहे? कंदिलाची ज्योत लहान असते, म्हणून सावलीची कड रेखल्यासारखी येते. दार मोठे असते. दाराच्या एका भागातून येणारा उजेड अडला तरी दुसऱ्या भागातून येणारा पोचतो. म्हणून गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छाया रुंद पसरते आणि सावलीची कड मऊ होते. स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा दिसेल तितकी सावली मऊ.

सूर्य प्रत्यक्षात प्रचंड, पण आकाशात तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून उन्हाची सावली कडक. त्यातून आपला बीड जिल्हा सुमारे १९ उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते.

पूर्वी विजेचे दिवे नव्हते तेव्हा फोटोचे स्टुडिओ उजेडासाठी काचेच्या छताचे बांधत, आणि पडदे सरकवून उजेड हवा तसा घेत. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळातले व्यक्तिचित्रण हे असे उन्हाला वळवून केलेले काम होते. युरोपातली जुनी पुस्तके सांगतात, स्टुडिओची खिडकी उत्तरेला ठेवा, म्हणजे ऊन आत येत नाही आणि फक्त आकाशाचा मऊ उजेड येतो. पण हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. मार्च ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. तेव्हा सकाळ-संध्याकाळ आपल्या उत्तरेच्या खिडकीत तिरके ऊन येते. पुस्तक वाचावे, पण आपला सूर्य आपण पाहावा!

उजेड कोणत्या बाजूने?

एक प्रयोग करा. मोठा, खडबडीत बटाटा घ्या. खोलीत अंधार करून विजेरी अगदी समोरून, डोळ्याजवळ धरून त्याच्यावर टाका. बटाटा सपाट चकतीसारखा दिसेल. आता विजेरी हळूहळू बाजूला न्या. एकेक खळगा आणि एकेक डोळा उठून दिसू लागेल. उंचवट्याची सावली खळग्यात पडते, म्हणून आकार कळतो. उजेड नजरेच्याच दिशेने गेला तर सावली वस्तूच्या मागे लपते. आजीच्या सुरकुत्या समोरच्या दोन दिव्यांनी अशाच घालवल्या.

चेहऱ्यासाठी दिवा साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर ठेवावा. मग नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रां या डच चित्रकाराच्या चित्रांत असा उजेड पुष्कळदा दिसतो, म्हणून छायाचित्रकार या त्रिकोणाला त्याचेच नाव देतात. त्रिकोण दिसेपर्यंत दिवा सरकवा. मग दोन्ही डोळ्यांत दिव्याचा चमकता ठिपका आला का ते पाहा. तो नसेल तर डोळे निर्जीव वाटतात.

आता अंधारी बाजू. ती अगदी काळी पडली तर अर्धा चेहरा कापल्यासारखा दिसतो. त्या बाजूला पांढरे धोतर धरा. त्यावरून उसळलेला उजेड सावलीत शिरेल. धोतर जवळ आणले की सावली फिकी होते, दूर नेले की गडद. छायाचित्रकार हे 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन्ही बाजूंत एका स्टॉपचा फरक म्हणजे २ पट, दोन स्टॉप म्हणजे ४ पट, तीन स्टॉप म्हणजे ८ पट. साध्या फोटोला २ ते ४ पट पुरे. खालच्या पट्टीसाठी ८ पटीच्या आसपास जा. आणि सावली आणखी गडद हवी असेल तर धोतराच्या जागी काळी घोंगडी धरा. काळी लोकर येणारा उजेड शोषून घेते, परत पाठवत नाही.

सावळा रंग म्हणजे दोष नव्हे

'सावळ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही', हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. हे खरे आहे का? गोरी कातडी करड्या कार्डाच्या साधारण दुप्पट उजेड परत पाठवते, सावळी कातडी कार्डाएवढा किंवा त्याहून कमी. हा फरक कॅमेऱ्याला सांगावा लागतो, इतकेच. न सांगितल्याचा इतिहास मात्र मोठा आहे. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना नमुन्याचे एक कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' म्हणून ते ओळखले जाई. तिचा रंग बरोबर उतरला की यंत्र ठीक, असे मानले जाई. मग सावळ्या चेहऱ्यांचे रंग बिघडले तर नवल काय! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारे कार्ड निघायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

म्हणजे दोष कातडीचा नव्हता, मापाचा होता. उलट, बाजूने आलेला मऊ उजेड सावळ्या कातडीवर फार चांगला खुलतो. गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर तो चमकतो आणि चेहऱ्याची घडण ठसठशीत दिसते. पावडर लावली की ही चमक मरते.

आरसा, धोतर आणि सवणे

गेल्या डिसेंबरात मी गावी गेलो. आमची थोरली चुलती, जिला आम्ही मोठी माय म्हणतो, आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या कपाळावर अगदी आजीसारखेच गोंदण आहे. तिचा फोटो काढायचे मी ठरवले. आमचे घर माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, एक दार, आणि उजेडासाठी माळवदाला ठेवलेले भोक, म्हणजे सवणे.

"लेकरा, इतक्या अंधारात फोटू निघतो का?" मोठी माय म्हणाली. "बाहेर उन्हात बसते की."

बाहेर ऊन कडक होते. आत सवण्यातून उन्हाचा एक झोत जमिनीवर पडला होता. मोठ्या मायला सरळ त्या झोतात बसवावे तर डोक्यावर ऊन आणि डोळ्यांत खड्डे. तेव्हा दोन जुन्या चित्रपटांची युक्ती आठवली. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटासाठी काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावर दिवे टाकले आणि उसळून आलेल्या मऊ उजेडात चित्रण केले. 'कागज के फूल' (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी बाहेरचे ऊन स्टुडिओत आणून तो प्रसिद्ध प्रकाशझोत साधला होता.

मी दोन्ही युक्त्या एकत्र केल्या. दाढीचा आरसा झोतात ठेवला आणि ऊन बाजूला वळवले. मोठ्या मायच्या उजव्या बाजूला, तिच्या डोक्याहून थोडे वर, खुंटीला धोतर टांगले होते. ऊन त्यावर पडताच धोतर खिडकीसारखे उजळले. मागे काळी घोंगडी टांगली. आरसा वळवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: आरसा १० अंश फिरवला तर झोत २० अंश फिरतो. शिवाय पृथ्वी फिरत असल्याने सूर्य दर चार मिनिटांना एक अंश सरकतो, म्हणून मधूनमधून आरसा सावरावा लागतो. हे काम माझ्या पुतण्याने केले. झोत कुणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही, हे मी त्याला आधीच बजावले होते. तुम्हीही ते पाळा. बल्ब किंवा दिवा वापरलात तर तो कापडापासून दूर ठेवा आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

मोबाईलवर मी गालावर बोट टेकवले, सूर्याचे चिन्ह खाली ओढले आणि फोटो काढला. पहिल्या फोटोत डोळ्यांत चमक नव्हती. धोतर थोडे पुढे सरकवले. दुसऱ्या फोटोत मोठी माय हलली. चौथा मनासारखा आला.

तिने मोबाईल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि बोटाने फोटोतल्या कपाळाला स्पर्श केला. "हे माझ्या मायनं जत्रंत गोंदवून घेतलं व्हतं," ती म्हणाली. "लई रडले व्हते मी." ही गोष्ट तिने आम्हाला आजवर कधी सांगितली नव्हती.

आजीचा फोटो आता दुरुस्त होईल का, असे मला पुतण्याने विचारले. नाही होणार. भरून वाहिलेल्या बादलीतून वाहून गेलेले पाणी परत मोजता येत नाही. संगणक त्या पांढऱ्या कपाळावर एखादे गोंदण काढून देईल, पण तो अंदाज असेल. आजीचे गोंदण नसेल.

मित्रांनो, आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. कितीतरी घरांत आजी-आजोबा आहेत आणि त्यांचा धड एकही फोटो नाही. आता तुम्हाला कृती माहीत झाली आहे. एक दार, एक आरसा, एक धोतर आणि एक घोंगडी एवढेच साहित्य लागते. फोटो काढलात की वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजले होते, उजेड कोणत्या बाजूने आला, तो चेहऱ्यापासून किती अंतरावर होता, आणि चेहऱ्यामागची भिंत किती लांब होती. पुढच्या वेळी यातली एकच गोष्ट बदलून पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. प्रयोग असाच करतात.

आणि फोटोतले माणूस घरच्यांना चटकन ओळखू आले, तर प्रयोग यशस्वी झाला असे समजा.